दारावरचा आकडा

शिरूरहून न्हावऱ्याकडे जाताना रस्त्याच्या आत एक वस्ती आहे. तिथल्या एका जुन्या घरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराला कडी होती. घरातल्या आजी शेतातून यायच्या होत्या. मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मी ओट्यावर बसलो आणि समोरची लाकडी चौकट बघत राहिलो.

चौकटीच्या डाव्या बाजूला खडूनं काढलेला इंग्रजी ‘पी’ आणि त्याखाली तारीख होती. ती पल्स पोलिओवाल्यांची खूण. घरातल्या सगळ्या लहान पोरांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, कुणी राहिलं असेल तर फुली. वर ग्रामपंचायतीचा मिळकत क्रमांक, पत्र्याच्या पट्टीवर. दाराच्या फळीवर करोनाच्या काळातला एक स्टिकर, अर्धा फाटलेला. बाजूच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं काहीतरी, आता न वाचता येणारं. आणि सगळ्यात खाली काळ्या मार्करनं टाकलेला ताजा सात आकडी क्रमांक. तो आमच्या प्रोजेक्टचा होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्या कामात प्रत्येक फाइलला एक इतिहास असतो. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद. ती चौकट मला तशीच वाटली. सरकार, दवाखाना, साथ, सगळ्यांनी येऊन आपापली नोंद करून ठेवलेली.

आजी आल्या. डोक्यावरचा भारा उतरवत म्हणाल्या, ‘‘काय वाचतोयस रं बाबा दारावर? बँकेची नोटीस लावली का काय?’’

मी सांगितलं, खोकल्याच्या तपासणीसाठी आलोय, घराला नंबर दिलाय तो बघत होतो.

‘‘हां. समदे येत्यात, आकडा टाकून जात्यात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘परत कोण येतंय?’’

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. पुढं दोन वर्षं शिरूर आणि दौंड तालुक्यांत फिरलो, एक मोठी चूक केली, आणि मग त्या प्रश्नाचा इतिहास शोधत बसलो. हा लेख त्या शोधाचा आहे.

टेक्निकल ऑफिसर म्हणजे कोण?

माझ्या ओळखपत्रावर ‘टेक्निकल ऑफिसर’ असं छापलं होतं. गावात बऱ्याच जणांना मी महावितरणचा माणूस वाटायचो. ‘‘डीपी कधी बसवणार?’’ हा प्रश्न मला खोकल्याच्या चौकशीपेक्षा जास्त वेळा ऐकावा लागला.

काम होतं क्षयरोगाच्या प्रकल्पात. आशाताई घरोघर जाऊन विचारायच्या: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का. ज्याला लक्षणं असतील त्याला थुंकीची डबी द्यायची, ती प्रयोगशाळेत पाठवायची, निकाल आला की कळवायचं, आजार निघाला तर उपचार सुरू करायचे आणि ते पूर्ण होईपर्यंत मागे राहायचं. हे सगळं एका ॲपमध्ये भरलं जायचं. ॲप बिननेटचं चालेल हे बघणं, डेटा सर्व्हरवर पोचवणं, दुबार नोंदी काढून टाकणं आणि दर सोमवारी आलेख पाठवणं हे माझं काम. ‘डेटा स्वच्छ हवा’ हे माझं ब्रीदवाक्य होतं. ते मी टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला दोनदा तरी लिहायचो.

माझा समज असा की घरोघर जाऊन माहिती गोळा करणं जुनं असेल, पण ‘डेटा’ नवा आहे. हा समज किती चुकीचा होता, ते मोटरसायकलवरून रोज जायच्या रस्त्यानंच शिकवलं.

पहिला आकडा: १८९७

शिरूरहून न्हावरे, तिथून पारगावला भीमेचा पूल ओलांडला की आपण दौंड तालुक्यात येतो. पुढं केडगाव-चौफुला. ऊस, गुऱ्हाळं, चौफुल्याची कलाकेंद्रं आणि सोलापूर हायवे. या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. ते केडगावातच का उभं राहिलं, हे मात्र मला माहीत नव्हतं. त्याच्या कारणांत एक साथ आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारनं साथरोग कायदा केला. जेमतेम चार कलमांचा कायदा, पण त्यानं अधिकाऱ्यांच्या हाती जवळपास सगळं दिलं: घरात शिरायचं, माणूस उचलून रुग्णालयात न्यायचा, बाकीच्यांना छावणीत ठेवायचं, प्रवासी अडवून तपासायचे. मार्च २०२० मध्ये करोनासाठी महाराष्ट्रानं जो कायदा लागू केला, तो हाच.

मुंबईत घरांच्या दारांवर खुणा केल्या जात. प्लेगनं झालेल्या मृत्यूमागे एक वर्तुळ. एका दारावर चार-पाच वर्तुळं असलेले त्या काळचे फोटो आजही बघायला मिळतात. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात. पुण्यात वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेत फिरल्या. देवघरात बूट घालून शिरणं, सामान रस्त्यावर फेकणं, बायकांना उघड्यावर तपासणं अशा तक्रारी पुणेकरांनी पोटतिडकीनं केल्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी, त्याच साथीत, माणसापर्यंत पोचायची दुसरीही एक तऱ्हा पुण्यात होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं, असं सांगितलं जातं. रुग्णांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

रमाबाई तेव्हा दुष्काळात सापडलेल्या मुली आणि बायकांना मध्य प्रांतातून पुण्याला आणत होत्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्या जणींना शहरात ठेवणं शक्य होईना. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तिथं शेतात या मुलींची सोय झाली आणि त्यातून मुक्ती मिशन वाढलं. म्हणजे दौंड तालुक्यातली ही संस्था एका अर्थानं प्लेगच्या नियमावलीतून इथं आली.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती रमाबाईंची १८९७ मधली दुसरी कृती. पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात आणि छावणीत बायकांची किती आबाळ होते, त्यांच्या अब्रूची किती बेफिकिरी आहे, हे त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला लिहून कळवलं. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सैनिकांनी बायकांवर अत्याचार केल्याचा आरोप केला. सरकारनं पुरावा मागितला. परत आल्यावर गोखल्यांना तो देता आला नाही. नाव घेऊन पुढं यायला कुणी तयार नव्हतं. त्यांना जाहीर माफी मागावी लागली, आणि तो डाग त्यांना कित्येक वर्षं बोचत राहिला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इंजिनीअरसारखाच विचार केला: किती घरं तपासली, किती माणसं उचलली, याची नोंद होती. ज्यांच्या घरात शिरले त्यांना काय सोसावं लागलं, याची नोंद ठेवणारी वही मात्र कुणाकडेच नव्हती. यादी एका बाजूनंच लिहिली गेली होती. म्हणून गोखले खोटे ठरले.

दर पंधरा दिवसांनी येणारा माणूस

त्या आजींच्या भिंतीवरचं गेरूचं लिखाण काय होतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. ‘‘फवारणीवाला लिहून जायचा. मी लग्न होऊन आले तवा लई यायचे ते. भिंती पांढऱ्याफेक करून जायचे. पण ढेकणं मरायची, म्हणून आम्ही काय बोलायचो नाही.’’

ती मलेरियाची फवारणी होती. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. डीडीटी हे तेव्हाचं नवं औषध. १९४६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचा मोठा प्रयोग केला. यश इतकं ठळक होतं की १९५३ मध्ये देशभर मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याचं नावच बदललं. ‘नियंत्रण’ गेलं, ‘निर्मूलन’ आलं.

फवारणी झाली की भिंतीवर तारीख लिहायची. पुढची फेरी कधी, ते त्यावरून कळायचं. पण फवारणीइतकाच महत्त्वाचा होता मागून येणारा दुसरा माणूस. साधारण दहा हजार लोकवस्तीमागे एक सर्वेक्षण कामगार नेमलेला असे. त्यानं दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: मागच्या खेपेनंतर कुणाला ताप आला होता का? आला असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या, आणि पंधरा दिवसांनी परत यायचं.

याला तंत्रज्ञान म्हणायला आपण तयार नसतो. पण हिशेब करून बघा. देशातल्या कोट्यवधी घरांना महिन्यातून दोन भेटी. हातात काचपट्ट्या, पेन्सिल आणि वही. सर्व्हर नाही, सिंक नाही. १९६१ च्या सुमारास देशातल्या मलेरियाच्या नोंदी पन्नास हजारांपर्यंत खाली आल्या. १९६५ मध्ये मलेरियानं एकही मृत्यू नोंदला गेला नाही.

मग काय झालं? डास डीडीटीला दाद देईनासे झाले. डीडीटीचा पुरवठा कमी पडू लागला. जिथं रोग संपत आला होता तिथली देखरेख नेहमीच्या आरोग्यव्यवस्थेकडं सोपवायची होती, पण बऱ्याच ठिकाणी ती व्यवस्थाच पुरेशी उभी नव्हती. आणि रोग दिसेनासा झाला की कुणाचंही होतं तेच झालं: लक्ष उडालं. १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले.

याच काळात कर्तारसिंग समितीनं (१९७३) सुचवलं की मलेरियाचा वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा माणूस एकाच दारात पाठवण्याऐवजी सगळी कामं करणारा एकच कार्यकर्ता असावा. आज उपकेंद्रात दिसणारे आरोग्य सेवक आणि सेविका त्यातूनच आले. दारात येणारी माणसं कमी झाली, त्यांच्या हातातल्या वह्या वाढल्या. एका सेविकेनं मला तिच्या कपाटातली रजिस्टरं मोजून दाखवली होती. एकवीस भरली. माझं ॲप हे तिच्या दृष्टीनं बाविसावं रजिस्टर होतं, फक्त चार्जिंग लागणारं.

क्षयरोगाचा इतिहासही याच दिशेनं गेला. १९५० च्या दशकापर्यंत या रोगाचा उपचार म्हणजे मोकळ्या हवेतलं आरोग्यधाम, चांगलं अन्न आणि विश्रांती. मद्रासच्या क्षयरोग केंद्रातल्या अभ्यासानं १९५९ मध्ये दाखवून दिलं की औषधं नीट घेतली तर दाटीवाटीच्या वस्तीत, घरी राहूनही रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. गरीब देशांसाठी ही फार मोठी बातमी होती. पण त्यात एक अट दडलेली होती. रुग्ण आता घरी होता, म्हणजे औषध संपेपर्यंत कुणीतरी त्याच्या घरी जात राहायला हवं होतं. तेव्हा ते वर्षभर होतं, आता नेहमीच्या क्षयरोगासाठी सहा महिने आहे. खोकला दुसऱ्या महिन्यातच थांबतो. माणसाला बरं वाटतं, तो गोळ्या सोडतो. पुढचे चार महिने दारात येणाऱ्या माणसाच्या भरवशावर असतात.

वढू

शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक आपल्याला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत असतं. सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांना ते आणखी एका कारणासाठी माहीत आहे.

पुण्याच्या रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय डॉ. बानू कोयाजी यांनी १९४० च्या दशकापासून वाढवलं. शहरात खाटा कितीही वाढवल्या तरी खेड्यातली बाई तिथं पोचतच नाही, हे त्यांना दिसत होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वढूला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सरकारी यंत्रणेला बाजूला सारून नव्हे, तिला सोबत घेऊन. पुढं गावातलीच माणसं निवडून, शिकवून, त्यांना आरोग्य कार्यकर्ते बनवलं. शेजारच्या जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० पासून हाच धडा गिरवत होते. बानूबाईंना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

माझ्यासारख्याला वढूबद्दल जास्त ओढ वाटते ती २००२ नंतरच्या कामाची. त्या वर्षी तिथं लोकसंख्या आणि आरोग्य यांची कायमस्वरूपी पाहणी सुरू झाली. शिरूर आणि हवेली तालुक्यांतली बावीस गावं. प्रत्येक घराला क्रमांक, प्रत्येक माणसाला क्रमांक. आणि साधारण दर सहा महिन्यांनी प्रत्येक घरी परत जायचं. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण लग्न होऊन आलं, कोण कामासाठी बाहेर गेलं, कोण भाड्यानं राहायला आलं. जगात असं काम करणारी केंद्रं थोडी आहेत. बांगलादेशातलं मतलब हे त्यातलं खूप जुनं, १९६६ पासूनचं.

जनगणना दहा वर्षांतून एकदा फोटो काढते. वढूची पाहणी म्हणजे सीसीटीव्ही म्हणावं, तर तेही बरोबर नाही, कारण सीसीटीव्ही कुणाशी बोलत नाही. इथं कुणी घरात वारलं की काही काळानं प्रशिक्षित माणूस जाऊन घरच्यांशी बसून बोलतो. शेवटच्या दिवसांत ताप होता का, धाप लागायची का, छातीत दुखायचं का, किती दिवस. त्यावरून डॉक्टर मृत्यूचं कारण ठरवतात. आपल्याकडं कित्येक मृत्यू दवाखान्याबाहेर होतात आणि दाखल्यावर ‘वृद्धापकाळ’ किंवा ‘हार्ट फेल’ एवढंच येतं. खरं कारण कळायचं तर त्या ओट्यावर बसावं लागतं. नुकतंच माणूस गेलेल्या घरात कोण कुणाला इतकं सांगेल? वर्षानुवर्षं दारात येणाऱ्याला सांगेल.

या बावीस गावांचा चेहरा याच काळात पालटला. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिकरापूर. नगर रोडला कारखाने आले, खोल्यांच्या चाळी उठल्या, बिहार आणि मराठवाड्यातून कामगार आले. आज आहे तो सहा महिन्यांनी नाही. जिथं माणसं स्थिर नाहीत तिथं ‘परत जाणं’ किती अवघड असतं, हे मला भीमेच्या पलीकडं कळलं.

घर क्रमांक ९९९

गळीत हंगाम सुरू झाला की दौंड आणि शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात टोळ्या उतरतात. बहुतेक बीड, अहिल्यानगरकडच्या. फडाच्या कडेला पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोप्या उभ्या राहतात. कोपीला दार नसतं, पडदा असतो. त्यामुळे दारावर आकडा टाकायचा प्रश्नच येत नाही.

माझ्या ॲपमध्ये मात्र ‘घर क्रमांक’ भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. तशी अट मीच घातली होती, डेटा स्वच्छ राहावा म्हणून. आशाताईंनी आपापसांत तोडगा काढला. कोपी असेल तर ९९९ टाकायचं. मोबाईल नंबरही सक्तीचा होता. टोळीतल्या बायकांकडं स्वतःचा फोन नसायचा, म्हणून सगळ्यांसमोर मुकादमाचा नंबर.

दुबार नोंदी काढायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. नाव, आडनाव आणि गाव एकच, वयात दोन वर्षांपर्यंत फरक, घर क्रमांक तोच, मोबाईल तोच, म्हणजे माणूस तोच. दोन नोंदींची एक करायची आणि अलीकडची माहिती ठेवायची. तो रोज रात्री दोन वाजता आपोआप चालायचा. मला त्याचा अभिमान होता.

एका टोळीत एकाच गावच्या, एकाच भावकीतल्या, एकाच नावाच्या दोघी होत्या. दोघींना खोकला. दोघींची थुंकी तपासायला गेली. एकीचा निकाल आला, क्षयरोग आहे. दुसरीचा दोन दिवसांनी आला, नाही. रात्री दोन वाजता माझ्या प्रोग्रॅमनं दोघींची एक बाई केली आणि नंतरचा निकाल ठेवला. स्क्रीनवर हिरवी खूण. सोमवारचा आलेख सुंदर दिसत होता.

चूक सापडली ती माझ्या कुठल्याही तपासणीत नाही. एका आशाताईंनी फोन केला. ‘‘सर, त्या टोळीत मी दोन डब्या दिल्या होत्या. निकाल एकीचाच कसा दिसतोय?’’

मी म्हटलं, ‘‘ताई, दुबार नोंद असेल, सिस्टीमनं काढली असेल.’’

‘‘दुबार कशी असेल सर? एक मोठी आहे, हातावर गोंदलेलंय. दुसरीच्या कडेला पोरगं आहे. माझ्या वहीत लिहिलंय.’’

मी जुन्या नोंदी उघडल्या आणि पोटात गोळा आला. आजार कडेवर पोरगं असलेलीला होता. ताईंच्या स्कूटीमागे बसून आम्ही फडावर गेलो तर कोप्यांच्या जागी नुसती जळकी चूल आणि पाचट. टोळी दुसरीकडं हलली होती. मुकादमाचा फोन बंद.

तो दोन दिवसांनी एका चहाच्या टपरीवर सापडला. त्याच्याकडं एक वही होती. त्या वहीत टोळीतलं प्रत्येक माणूस होतं. कोयत्यानुसार. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कुठल्या कोयत्याला किती उचल दिली, किती फिटली, कोण आजारी पडून किती दिवस कामावर नव्हतं, आता कोण कुठल्या फडात आहे. ज्यांचा माझ्याकडं ९९९ च्या पलीकडं ठिकाणा नव्हता, त्यांचा पक्का ठिकाणा त्याच्याकडं होता, कारण ती माणसं त्याच्या कर्जात होती. त्या वहीकडं बघताना मला १८९७ आठवलं. माणसाची सगळ्यात चोख यादी बहुतेक वेळा त्याच्यावर ज्याचा ताबा असतो त्याच्याचकडं असते.

बाई सापडली तोवर तेरा दिवस गेले होते. तेरा दिवस ती खोकत ऊस तोडत होती आणि रात्री मुलाला कुशीत घेऊन कोपीत झोपत होती. आम्ही गेलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, ‘‘काय निघालं?’’ ताईंनी सांगितलं. मी बाजूला उभा होतो. माझी चूक काय होती हे तिला कसं सांगायचं, ते मला सुचलं नाही. आजही मी ते तिला सांगितलेलं नाही.

तिचे उपचार सुरू झाले. मुलाची तपासणी झाली, त्याला लागण नव्हती. हंगाम संपल्यावर टोळी गावी गेली, तेव्हा तिची नोंद ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीतून तिच्या जिल्ह्याकडं पाठवली. २०१२ पासून देशभरातल्या क्षयरुग्णांच्या नोंदी तिथं ठेवल्या जातात. सहा महिन्यांनी स्क्रीनवर शब्द दिसले: उपचार पूर्ण. त्यामागे तिच्या गावातली कुणी आशाताई किती वेळा त्या घरी गेली असेल, ते स्क्रीनवर दिसत नाही.

परत

मी तो प्रोग्रॅम बंद केला. आता दोन नोंदी सारख्या वाटल्या की त्या त्या भागातल्या आशाताईंकडं जातात आणि त्या ठरवतात. ‘घर क्रमांक’ सक्तीचा राहिला नाही. त्याच्या जागी दोन रकाने घातले. एक: ‘ओळखीची खूण’. तो थेट ताईंच्या वहीतून उचलला, फक्त त्यांच्याशिवाय तो कुणाला दिसणार नाही अशी सोय केली. दुसरा: ‘पुन्हा कुठं भेटतील?’ लोक त्यात काय काय सांगतात! ‘बुधवारी पाटसच्या बाजारात.’ ‘गुऱ्हाळावर, रात्री आठनंतर.’ ‘पाडव्यानंतर गावी, मारुतीच्या देवळामागं.’ आलेखात यातलं काहीच बसत नाही. माणूस मात्र सापडतो.

प्रकल्प संपल्यावर मी खराडीला एका कंपनीत नोकरी धरली. सध्या पेमेंट ॲपचं काम करतो. तिथंही दुबार नोंदी काढतोच, पण आधी विचारतो की हे दोघं खरंच एकच आहेत हे कुणी बघून आलंय का.

निघण्याआधी शेवटच्या आठवड्यात त्या न्हावऱ्याकडच्या घरी गेलो होतो. आजींची थुंकी दोन वर्षांत दोनदा तपासली होती, दोन्हीदा काही निघालं नव्हतं. तेवढंच सांगायला गेलो. ओट्यावर चढलो आणि थबकलो. नातवाच्या लग्नासाठी घर रंगवलं होतं. भिंतीला नवा रंग, चौकटीला तपकिरी ऑइलपेंट. खडूचा ‘पी’, गेरूची तारीख, स्टिकर, आमचा सात आकडी क्रमांक, सगळं गायब.

आजींनी चहा ठेवला. माझं बघणं त्यांच्या लक्षात आलं असावं.

‘‘आकडा गेला ना तुझा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘टाक परत. पण कडंला टाक, नवा रंग हाये.’’

मार्कर बॅगेत होता. मी म्हटलं, ‘‘नको आजी. घर सापडलं मला.’’